पैसे मिळाले, मग कंपनी बुडाली कशी?

नोव्हेंबर २०१५ च्या पहिल्या आठवड्यात पुण्यातल्या एका कार्यालयात कर्मचाऱ्यांनी आपल्याच कंपनीच्या एका संस्थापकाला बाहेर पडू दिलं नाही. कंपनीचं नाव टायनीआउल. मोबाइलवरून जेवण मागवण्याचं ॲप. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या पाच तरुणांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं. पुण्याचं कार्यालय बंद होतंय हे सांगायला तो संस्थापक आला होता. आमचा हिशेब चुकता करा आणि मगच जा, असं लोकांचं म्हणणं पडलं. प्रकरण जवळपास दोन दिवस चाललं, पोलीस आले, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘ओलीस’ हा शब्द झळकला.

याच कंपनीला त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सुमारे १०० कोटी रुपये मिळाले होते. देणारे सिकोया, नेक्सस आणि मॅट्रिक्स, म्हणजे स्टार्टअप्समध्ये पैसा घालणाऱ्यांतली बडी नावं. नऊ महिन्यांत कंपनी पुणे, चेन्नई, हैदराबाद, गुडगाव इथली कार्यालयं गुंडाळण्यापर्यंत आली होती. पुढच्या वर्षी ती रोडरनर नावाच्या डिलिव्हरी कंपनीत विलीन झाली, दोघींची मिळून ‘रनर’ झाली, आणि २०१७ मध्ये ती झोमॅटोने घेतली. ॲपचं नावसुद्धा आता फारसं कुणाला आठवत नाही.

स्टार्टअपबद्दल बाहेरच्या माणसाची समजूत साधारण अशी असते की कल्पना आहे, पैसा नाही. पैसा मिळाला की उरली ती मेहनत. म्हणूनच फंडिंग मिळाल्याची बातमी निकाल लागल्यासारखी छापली जाते. संस्थापक हाताची घडी घालून फोटोला उभे राहतात, व्हॉट्सॲपवर अभिनंदनांचा पाऊस पडतो, गावाकडे काकांना फोन जातो. प्रत्यक्षात पहिली गुंतवणूक आली की कंपनीला काही असे धोके जडतात, जे पैसा नसताना तिला होऊच शकत नव्हते. बिनपैशाची कंपनी चार शहरांत एकदम पसरून बुडत नाही, तिला तेवढी ऐपतच नसते. पैसा येण्याआधी प्रश्न एकच असतो, हे कुणाला खरंच हवं आहे का? पैसा आल्यावर त्याचं उत्तर मिळालं असं सगळे धरून चालतात आणि नवा प्रश्न विचारायला लागतात, किती वेगाने वाढणार? माझ्या मते सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेक अपयशांचं मूळ या घाईघाईने बदललेल्या प्रश्नात आहे. बाकीची कारणं त्याच्या आजूबाजूला गोळा होतात.

कारणांच्या याद्या भरपूर आहेत. अमेरिकेतल्या सीबी इनसाइट्स या संस्थेने १०१ बंद पडलेल्या स्टार्टअप्सच्या कैफियती वाचून २०१४ मध्ये एक यादी प्रसिद्ध केली. ‘बाजाराला गरजच नव्हती’ असं ४२ टक्के जणांनी सांगितलं, ‘पैसे संपले’ असं २९ टक्क्यांनी, ‘योग्य माणसं नव्हती’ असं २३ टक्क्यांनी. २०२१ मध्ये त्यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा पैसे संपणं किंवा नवे न मिळणं ३८ टक्क्यांवर जाऊन पहिलं आलं आणि गरज नसणं ३५ टक्क्यांवर दुसरं. एकेकाने अनेक कारणं दिल्यामुळे बेरीज शंभराच्या पुढे जाते. या याद्या उपयोगी आहेत, पण मी त्या जरा हात राखूनच वाचतो. एक तर हे बुडालेल्याचं स्वतःचं निवेदन असतं. ‘माझं भागीदाराशी पटेना’ यापेक्षा ‘बाजार तयार नव्हता’ हे लिहायला सोपं. दुसरं म्हणजे ‘पैसे संपले’ हे कारण मृत्यूच्या दाखल्यावरच्या ‘हृदयक्रिया बंद पडून’ या ओळीसारखं आहे. खोटं नाही, पण आजार कोणता होता हे त्यातून कळत नाही.

पैसे संपतात कसे, हे आकड्यांनीच पाहू. समजा, एका कंपनीला गुंतवणुकीच्या पहिल्या फेरीत, म्हणजे पहिल्या राउंडमध्ये, २ कोटी रुपये मिळाले. सहा माणसं, छोटं कार्यालय, सर्व्हरचा खर्च धरून महिन्याला १० लाख जातात. याला या धंद्यात ‘बर्न’ म्हणतात, आणि शिल्लक भागिले बर्न म्हणजे ‘रनवे’. इथे तो २० महिन्यांचा. संस्थापक निर्धास्त असतात. सहा महिन्यांनी ते एक सेल्सचा प्रमुख, दोन डेव्हलपर आणि एक मार्केटिंगवाला घेतात. बर्न १६ लाखांवर जातो. शिल्लक राहिलेल्या १ कोटी ४० लाखांना १६ लाखांनी भागलं की जेमतेम नऊ महिने उरतात. पुढचा राउंड म्हणजे पहिल्या भेटीपासून पैसे खात्यात पडेपर्यंत पाच-सहा महिने. गुंतवणूकदार विचार करतात, वकील कागद तपासतात, कुणी तरी सुट्टीवर जातं. म्हणजे ‘आमचं चालतंय’ याचा पुरावा उभा करायला हातात तीनच महिने. आणि रनवे चार महिन्यांचा उरलाय हे समोरच्याला कळलं की तो थांबतो, कारण थांबल्याने त्याचं काहीच जात नाही, उलट भाव उतरतो.

पॉल ग्रॅहम यांनी २०१५ च्या एका लेखात संस्थापकांना याबद्दल एक सरळ प्रश्न विचारला होता. खर्च आहे तेवढाच राहिला आणि उत्पन्न गेल्या काही महिन्यांच्या गतीने वाढत राहिलं, तर उरलेल्या पैशांत कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहील का? वाय कॉम्बिनेटर या नवख्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेतून शेकडो स्टार्टअप्स जवळून पाहिलेल्या या माणसाचं निरीक्षण असं की, निम्म्या संस्थापकांना याचं उत्तर ठाऊकच नसतं. गणित सातवीतलं आहे. ते मांडायची मात्र भीती वाटते.

मग संस्थापक माणसं घ्यायची एवढी घाई का करतात? त्यासाठी पैसा देणाऱ्याचं गणित समजून घ्यायला हवं. व्हेंचर फंड हा साधारण दहा वर्षांच्या मुदतीचा असतो. फंड चालवणाऱ्यांनीही तो पैसा दुसऱ्यांकडून आणलेला असतो, आणि मुदतीच्या शेवटी तो कित्येक पटींनी परत द्यायचा असतो. वीस कंपन्यांत पैसे घातले तर निम्म्याहून अधिक बुडतील, काही कशाबशा मुद्दल देतील आणि एक-दोन अशा निघतील की सगळा फंड त्यांच्यावर तरेल, हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. त्यामुळे नाशकात किंवा कोल्हापुरात बसून महिन्याला पाच लाख नफा काढणारी, दरवर्षी पंधरा टक्क्यांनी वाढणारी सुखी कंपनी त्यांच्या दृष्टीने जवळपास वाया गेलेली असते. यात दुष्टपणा नाही, टर्म शीटवर, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदावर, सही करताना संस्थापकाने हाच सौदा मान्य केलेला असतो. फरक एवढाच की फंडाकडे वीस कंपन्या असतात आणि संस्थापकाकडे एक. वीसपैकी बारा बुडाल्या तरी फंडाचं वर्ष चांगलं जाऊ शकतं.

टायनीआउलचं उदाहरण या दबावाच्या संदर्भात पाहिलं की नीट कळतं. २०१५ हे वर्ष भारतात जेवणाच्या ॲप्सचं होतं. मुंबईत टायनीआउल, बंगळुरूत स्विगी, डॅझो, स्पूनजॉय, शिवाय फूडपांडा आणि झोमॅटो. सगळ्यांकडे पैसा होता आणि सगळे एकाच गिऱ्हाइकाच्या मागे होते. टायनीआउलने मुख्यतः ऑर्डर घेण्याचं काम केलं, जेवण पोचवायचं ते बहुतांशी रेस्टॉरंटने. ॲप देखणं होतं, पण गिऱ्हाइकाला ॲप खायचं नव्हतं. बिर्याणी थंड आली तर शिव्या ॲपला, आणि ती वेळेवर आणायची यंत्रणा मात्र दुसऱ्याच्या हातात. स्विगीने आपलं काम बंगळुरूच्या कोरमंगला भागापासून, स्वतःची डिलिव्हरीची मुलं ठेवून सुरू केलं होतं. खर्चिक आणि कटकटीचं काम. पण एका वस्तीत संध्याकाळी साडेआठला पाऊस पडत असताना किती वेळात जेवण पोचतं, याचं उत्तर त्यांना स्वतःच्या अनुभवातून मिळत होतं. स्विगी २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. अर्थात नफ्याबद्दलचे प्रश्न तिलाही सुटलेले नाहीत, आणि एका विजेत्यावरून नियम काढू नये. पण एका वस्तीत बसलेली घडी दहा शहरांत नेणं आणि न बसलेली घडी दहा शहरांत नेणं यांतला फरक या दोन कंपन्यांत दिसतो.

स्टार्टअप जिनोम या प्रकल्पाने २०११ मध्ये सुमारे ३,२०० इंटरनेट कंपन्यांची माहिती तपासून याला नाव दिलं, अकाली विस्तार. वेगाने वाढू पाहणाऱ्या कंपन्यांपैकी ७४ टक्के याच कारणाने अडचणीत आल्या असा त्यांचा निष्कर्ष होता. आकडा थोडा कमी-जास्त धरला तरी दिशा पटण्यासारखी आहे.

आता असं वाटेल की गिऱ्हाईक आहे की नाही हे संस्थापकाला दिसत कसं नाही? दिसतं, पण पैसा आल्यावर वेगळंच दिसायला लागतं. समजा, ३०० रुपयांची ऑर्डर आहे. रेस्टॉरंटकडून पंधरा टक्के कमिशन, म्हणजे ४५ रुपये. पोचवायला ४० लागले. पेमेंटवाल्याला ५ गेले. आणि गिऱ्हाईक यावं म्हणून ६० रुपयांची सूट दिली. एका ऑर्डरमागे कंपनी ६० रुपये घालवते. रोज हजार ऑर्डर असतील तर महिन्याला १८ लाखांचा खड्डा. पाच हजार झाल्या तर ९० लाखांचा. पण बोर्डाच्या बैठकीत पडद्यावर जो आलेख दाखवला जातो तो ऑर्डरच्या संख्येचा असतो, आणि तो झकास वर जातो. ‘व्हॉल्यूम वाढला की निघेल’ हे वाक्य जुन्या व्यापारी पेठांतही ऐकू येतं. फक्त तिथला शेटजी एका नगामागे तोटा असताना ते म्हणत नाही.

सूट बंद केली की खरी मागणी किती होती ते कळतं. तोवर शहरं सात झालेली असतात. गुडगावची पेपरटॅप ही किराणा घरपोच देणारी कंपनी २०१४ च्या शेवटी सुरू झाली, सिकोया, सैफ आणि स्नॅपडीलचा पैसा तिच्याकडे आला, आणि एप्रिल २०१६ मध्ये ती बंद झाली. दुकानदाराकडच्या मालाचा साठा आणि ॲपवर दिसणारा माल यांचा मेळ नीट बसत नव्हता, त्यामुळे मागवलेल्या दहापैकी काही वस्तू येतच नसत. त्यात प्रत्येक ऑर्डरमागे तोटा. संस्थापकाने स्वतःच हे मोकळेपणाने लिहिलं. दुकान जोडायचं काम सावकाशीचं होतं आणि विस्तार मात्र वेगाने झाला होता. वाणी ‘तूरडाळ संपली, मूगडाळ देऊ का?’ असं फोनवर विचारतो, तेवढी साधी सोय यंत्रणेत आणायला वेळ हवा होता, पैसा नव्हे.

पण ‘गिऱ्हाईकच नव्हतं’ असंही नेहमी नसतं. या विषयावरचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण न्यूयॉर्कमधलं आहे, आणि त्यात गिऱ्हाईक होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक टॉम आइझनमन यांच्या दोन माजी विद्यार्थिनी, अलेक्झांड्रा नेल्सन आणि क्रिस्टिना वॉलेस, २०११ मध्ये त्यांच्याकडे एक कल्पना घेऊन आल्या. ऑफिसला घालायचे स्त्रियांचे कपडे अंगावर नीट बसत नाहीत. साधारण एस-एम-एल अशा मापांऐवजी चार वेगवेगळी मापं धरून कपडे शिवायचे आणि थेट ऑनलाइन विकायचे. कंपनीचं नाव क्विन्सी ॲपरल.

त्यांनी पुस्तकात सांगतात तसंच सगळं केलं. आधी नमुन्याचे कपडे घेऊन सहा प्रदर्शनं भरवली. आलेल्यांपैकी निम्म्या बायकांनी खरेदी केली, सरासरी ३५० डॉलरची. मग नोकऱ्या सोडल्या, गुंतवणूकदारांकडून साडेनऊ लाख डॉलर उभे केले. मागितले होते पंधरा लाख. मार्च २०१२ मध्ये विक्री सुरू झाली. पहिल्या मोसमात ज्यांनी कपडे घेतले त्यांच्यातल्या ३९ टक्के बायका परत आल्या, हा आकडा कोणत्याही दुकानदाराला हेवा वाटावा असा. आणि जानेवारी २०१३ मध्ये कंपनी बंद झाली.

काय झालं? विकलेल्या मालातला ३५ टक्के परत यायला लागला. त्यांनी २० टक्के धरला होता. परत येण्याचं मुख्य कारण म्हणजे कपडे नीट बसत नव्हते, म्हणजे ज्या गोष्टीसाठी कंपनी काढली तिथेच गडबड. मापं जास्त, म्हणून प्रत्येक डिझाइनचे नग जास्त शिवून ठेवावे लागत आणि भांडवल कपाटात अडकून पडे. दोघींपैकी कुणीही तयार कपड्यांच्या धंद्यात काम केलेलं नव्हतं. पॅटर्न, कापड, दर्जा तपासणी यांचे अनुभवी लोक त्यांनी नेमले, पण मोठ्या कंपन्यांतून आलेल्या त्या माणसांना ‘माझं काम एवढंच’ अशी सवय होती. कपडे शिवणाऱ्या कारखान्यांशी जुनी ओळख नव्हती, त्यामुळे लहान आणि किचकट ऑर्डर मागे पडे. इचलकरंजी किंवा सोलापूरच्या कापडवाल्याला हे सांगायची गरज नाही. नव्या गिऱ्हाइकाचा माल नेहमी शेवटी लागतो. त्यात पैसे घालणाऱ्यांचा सल्ला होता वेगाने वाढण्याचा, आणि पहिल्या मोसमातल्या चुका सुधारायला पुरेसे पैसे नव्हते. तशात निर्णय घेण्याचा अधिकार दोघींकडे समसमान होता. मतभेद झाला की तो सुटत नसे, आणि मैत्री ताणली गेली.

आइझनमन यांना हे अपयश इतकं लागलं की त्यांनी अपयशाचाच अभ्यास हाती घेतला, २०२१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. क्विन्सीच्या प्रकाराला ते ‘चुकीचे सोबती’ अशा अर्थाचं नाव देतात. कल्पना चांगली, पण संस्थापक, कामगार, पुरवठादार, गुंतवणूकदार यांचा संच त्या कल्पनेला न शोभणारा. अपयश म्हणजे घोडा (कल्पना) वाईट की स्वार (संस्थापक) वाईट, हा गुंतवणूकदारांच्या गप्पांतला लाडका वाद आहे. क्विन्सीच्या गोष्टीपुढे तो बराच बालिश वाटतो. मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पैशाचा आकार. पंधरा लाखांचं काम साडेनऊ लाखांत करायला घेतलं आणि कामाचा आवाका मात्र कमी केला नाही. पैसे कमी मिळाल्यावर निम्मी मापं, एकच प्रकारचा कपडा, असं ठरवता आलं असतं. पण गुंतवणूकदारांना सांगितलेलं स्वप्न लगेच आकसून घेणं मानी माणसाला जड जातं.

माणसांचा प्रश्न इथे आलाच आहे. नोम वॉसरमन आणि थॉमस हेलमन यांच्या संशोधनात असं दिसलं की सुरुवातीलाच घाईने समसमान हिस्से वाटून घेणाऱ्या संस्थापकांना बाहेरून पैसा उभा करणं जास्त अवघड जातं. कारण समजण्यासारखं आहे. कोण किती काम करणार, कुणाचा शब्द शेवटचा, हा नकोसा संवाद ज्यांनी टाळला ते पुढचेही टाळणार. आपल्याकडे तर दोघे हॉस्टेलचे मित्र किंवा मावसभाऊ असतात. ‘आपल्यात कसला कागद?’ हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. एक जण वर्षभराने अमेरिकेला एमएस करायला निघून जातो आणि त्याच्या नावावर चाळीस टक्के शेअर तसेच राहतात. यावरचा उपाय जुना आहे. शेअर चार वर्षांत हळूहळू हक्काचे होणार आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी जाणाऱ्याला काही नाही. गुंतवणूकदार ही अट घालतात तेव्हा संस्थापकांना अपमान वाटतो. खरं तर ती एकमेकांपासूनचं संरक्षण असते.

कागदाचीच आणखी एक गोष्ट महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत विशेष दिसते. पहिला पैसा ओळखीतून येतो, कुणी डॉक्टर, कुणी बिल्डर, कुणी साखरेच्या धंद्यातला. तो पन्नास लाख देतो आणि चाळीस टक्के मागतो, कारण त्याच्या धंद्यात तीच रीत. पोराला पैशाची निकड असते, तो सही करतो. दोन वर्षांनी मुंबईचा फंड येतो, हिस्सेदारीचा तक्ता पाहतो आणि म्हणतो, अजून तीन राउंड व्हायचे आहेत, तोवर संस्थापकांकडे उरणार काय आणि ते रात्री जागून काम करणार कशासाठी? उत्पादन चांगलं, गिऱ्हाईक चांगलं, तरी व्यवहार होत नाही. उलटाही प्रकार असतो. २०२१ मध्ये पैसा स्वस्त होता, तेव्हा काही कंपन्यांनी अवाच्या सवा मूल्यांकनावर पैसे घेतले. २०२२ मध्ये व्याजदर चढले, हवा बदलली. कंपनीची विक्री दुप्पट झाली तरी जुन्या किमतीला कुणी हात लावेना, आणि कमी किमतीत घ्यायचं तर आधीच्यांच्या संरक्षणाच्या अटी जाग्या होऊन संस्थापकाचा हिस्सा घसरतो. हवेचा दोष संस्थापकाचा नाही. पण पुढचा राउंड येणारच असं धरून खर्च ठरवणं त्याचंच.

पैसे कमी पडायला लागले की शेवटच्या महिन्यांत एक विशिष्ट घसरण दिसते. संस्थापक दिवसभर गुंतवणूकदारांना भेटत फिरतो. गिऱ्हाइकाकडे बघायला कुणी नसतं, म्हणून विक्री मंदावते, म्हणून गुंतवणूकदार आणखी मागे सरकतात. मग पुरवठादारांची बिलं थांबतात. पगारातून कापलेला टीडीएस आणि पीएफ ‘पुढच्या महिन्यात भरू’ म्हणून वापरला जातो. हे मात्र कधीच करू नये. तो पैसा कंपनीचा नसतोच, आणि कापलेला कर न भरल्याबद्दल संचालकांवर खटला होऊ शकतो. घरगुती मुक्कामाच्या सोयी पुरवणारी स्टेझिला २०१७ च्या फेब्रुवारीत बंद होत असल्याचं जाहीर झालं, आणि पुढच्याच महिन्यात थकलेल्या बिलांवरून एका जाहिरात कंपनीच्या तक्रारीमुळे तिच्या संस्थापकाला चेन्नई पोलिसांनी अटक केली. दिवाणी वाद आणि फौजदारी गुन्हा यांच्यातली सीमा आपल्याकडे किती पातळ आहे, याची त्या वेळी स्टार्टअपच्या जगात बरीच चर्चा झाली. बुडणं हा गुन्हा नाही. पण देणेकऱ्यांना अंधारात ठेवून बुडण्याने त्याला गुन्ह्याचं रूप येऊ शकतं.

थांबायचं कधी, याचं एक उदाहरण स्ट्युअर्ट बटरफिल्ड यांचं. त्यांची टायनी स्पेक ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ चालवत होती. खेळावर जीव टाकणारे खेळाडू होते, पण थोडे, आणि त्यावर कंपनी चालणार नव्हती. २०१२ मध्ये त्यांनी खेळ बंद केला. तेव्हा बँकेत काही दशलक्ष डॉलर शिल्लक होते आणि त्यांनी ते परत द्यायची तयारी दाखवली. गुंतवणूकदारांनी सांगितलं, ठेवा, दुसरं काही करून बघा. कंपनीतल्या लोकांनी आपापसात बोलण्यासाठी जे साधन बनवलं होतं त्यातून स्लॅक उभं राहिलं. सेल्सफोर्सने २०२१ मध्ये ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरना घेतलं. ही परीकथा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मला त्यातला शेवट महत्त्वाचा वाटत नाही. शिल्लक असताना त्यांनी खेळ थांबवला, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुसरं काही करून पाहण्याइतका वेळ होता, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे कंपनी उघडणं आता ऑनलाइन आणि झटपट झालंय. बंद करणं पूर्वी वर्षानुवर्षं चालायचं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरियाणातल्या मानेसरला यासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केलं आणि कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढण्याचे अर्ज तिथे जातात. अर्जाचा नमुना एसटीके-२, फी दहा हजार रुपये. एक महत्त्वाची अट मात्र आहे. कंपनीवर कसलंही देणं असता कामा नये. म्हणजे पगार, पीएफ, टीडीएस, जीएसटी, पुरवठादार, जागेचं भाडं आणि सीएची फी हे सगळं आधी चुकतं करायचं. त्यातून काही उरलं तर ते गुंतवणूकदारांचं, कारण त्यांच्या शेअरच्या अटींत पहिला हक्क बहुधा त्यांचाच लिहिलेला असतो. संस्थापकाला शून्य मिळतं, पण तो मोकळा होतो. एवढी देणी भागतील इतकी रक्कम खात्यात आहे तोवरच हा मार्ग उघडा असतो. शिल्लक त्याखाली गेली आणि थकबाकी मोठी असली की कोणी तरी देणेकरी कंपनीला एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, खेचू शकतो, आणि तिथल्या तारखा संस्थापकाच्या हातात नसतात.